पाणी धरणारे वाफे

माझी बायको नोव्हेंबरात गेली. फेब्रुवारीत मी तिची बाग परत करायचं ठरवलं.

बाग म्हणजे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, भाड्याने मिळालेला जमिनीचा एक लांबट तुकडा. इथे त्याला श्रेबरगार्टन म्हणतात. असे पुष्कळ तुकडे एकमेकांना लागून असतात. मध्ये कमरेइतकी कुंपणं, प्रत्येकात एक लाकडी खोपी, आणि सगळ्यांवर मिळून एक संस्था आणि तिचे नियम. तिसरा हिस्सा भाजी नाहीतर फळांखाली असला पाहिजे, कुंपणाची झुडपं फार वाढू द्यायची नाहीत, दुपारच्या वेळी आवाज करायचा नाही. आपला नंबर लागावा म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. माझी बायकोही थांबली होती.

आमची तिथली वाटणी ठरलेली होती. ती मातीत, मी बाकावर पुस्तक घेऊन. कधी कधी ती म्हणायची, मोठ्याने वाच. मग मी वाचायचो आणि ती गवत उपटता उपटता लेखकाशी भांडायची. मला मुळ्याची पानं आणि सलगमची पानं वेगळी ओळखता येत नव्हती, आणि तशी वेळही कधी आली नव्हती. त्यामुळे ती गेल्यावर त्या जमिनीचं मी काय करणार? थंडीत एकदा जाऊन आलो. घेवड्याचे वाळलेले वेल काठ्यांवर तसेच होते. मी खोपीचं दार न उघडताच परत फिरलो.

संस्थेच्या अध्यक्षांना भेटून सांगितलं. ते निवृत्त रेल्वे कर्मचारी, ताठ चालीचे, कमी बोलणारे. त्यांनी टोपी काढली, दोन शब्द सांत्वनाचे बोलले आणि मग कामाचं सांगितलं. रांगेत एक तरुण जोडपं आहे, ईस्टरनंतरच्या शनिवारी त्यांना बाग दाखवायला आणतो, त्यांना पटली की तिथेच ठरवून टाकू. तोवर जरा नीटनेटकी ठेवा. मी हो म्हटलं.

मार्चच्या सुरुवातीला माझ्या सासूबाई आल्या. मुलगी आजारी असताना त्यांनी व्हिसासाठी अर्ज केला होता, पण मुलाखतीची तारीख मिळाली ती मुलगी गेल्यानंतरची. डिसेंबरात मी अस्थी घेऊन वाईजवळच्या त्यांच्या गावी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, की ती जिथे राहिली ती जागा मला एकदा बघायची आहे. म्हणून ती तारीख आम्ही रद्द केली नाही.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात आता आम्ही दोघं होतो. एकाच माणसासाठी दोघं झुरत होतो, पण एकमेकांसमोर रडता येईल असं आमचं नातं नव्हतं. मी त्यांचा जावई. मी जेवून ताट उचललं की त्या घाईने उठून माझ्या हातातून घेत. मी चहा करायला गेलो की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत, जणू माझ्या हातून काही तरी अघटित होणार आहे. मला ‘अहो’ म्हणत, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून थांबत. मुलीचं कपाट त्यांनी एकदा उघडून पाहिलं आणि काहीही न हलवता बंद केलं. मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, ती फोनवर ज्या बागेचं सांगायची, ती लांब आहे का?

बसमध्ये बसल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, की बाग मी परत देतोय, ईस्टरनंतर दुसरी माणसं येतील. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, नोकरी सांभाळून तुम्हाला कुठे जमणार. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. जावयाने ठरवलेल्या गोष्टीवर त्या दुसरं काही बोलणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या गप्प बसण्यावरून मला काहीच कळेना.

बागेत शिरल्यावर त्यांनी आधी सगळी जमीन चालून पाहिली. मुलीचे गमबूट त्यांना मोठे होत होते. दोन जोड मोजे घालून त्यांनी ते बसवले. साडीवर माझं जाड जॅकेट. मग वाकून मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा झाला तो अंगठ्याने फोडून पाहिला.

“जड आहे,” त्या म्हणाल्या. “पण हिच्यात कुणी तरी मन घातलंय.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की ती माणसं येईपर्यंत दोन वाफे केले तर चालतील का. जमीन अशी उघडी पडलेली बरी दिसत नाही. मी म्हटलं, आई, भाजी आली तरी ती दुसरेच खातील.

“खाऊ देत की. मेथी काय आडनाव विचारते?”

मी खोपीतून फावडं काढून आणलं तर ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. जावयाच्या हातून माती उपसून घेतली असं गावात कळलं तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, इथे गाव कुठे आहे? त्यांनी शेजारच्या बागेकडे मान वळवली. तिथल्या म्हाताऱ्या बाई कात्री हातात धरून, छाटायचं थांबवून आमच्याकडे बघत होत्या.

म्हणून मी बाकावर बसलो आणि सासूबाई खणू लागल्या. पिशवीत पुस्तक होतं, ते उघडलं. बायको गेल्यापासून मला वाचता येत नव्हतं. ओळी दिसायच्या आणि पुढच्या ओळीपर्यंत आधीची पुसून जायची. पण काही तरी हातात धरायला हवं होतं.

शेजारच्या बाई जवळ आल्या. आमच्या कुंपणावर कोपर टेकवून त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, की तुमच्या देशात पुरुष वाचतात आणि आज्या खणतात, अशी पद्धत आहे का? सासूबाईंनी कंबर सरळ करून विचारलं, काय म्हणतात त्या? मी सांगितलं, हवा चांगली पडली आहे म्हणतात.

“एवढंसं सांगायला त्यांना एवढा वेळ लागला?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा खणायला लागल्या.

खणून झाल्यावर त्यांनी पाणी कुठे आहे असं विचारलं. मी त्यांना कोपऱ्यातला नळ दाखवला आणि सांगितलं, की थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून सगळ्या बागांचं पाणी मुख्य ठिकाणी बंद करतात. हिमाची भीती गेली की सोडतात. म्हणजे कधी? एप्रिल निम्मा तरी जाईल. त्या फावड्याला टेकून नळाकडे बघत राहिल्या. पेरायचं आणि पाणी नाही, हे त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांच्या परसात विहिरीचं पाणी मोटर लावून पाटात सोडायचं, एकेका वाफ्याचं तोंड फोडून तो भरून घ्यायचा आणि पुन्हा मातीने बंद करून पुढच्याचं तोंड फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. सासरे असेपर्यंत ते दारं धरत, नंतर त्या स्वतः.

विचार करून त्यांनी ठरवलं, की नळ नाही तर आभाळातून पडेल तो थेंब न् थेंब धरायचा. आणि त्यांनी घरी करतात तसे वाफे केले: मधली माती ओढून खोलगट, चारी बाजूंनी वीतभर उंच बांध. बांध हाताने थापून गुळगुळीत केले, कोपरे नीट वळवले. दोन म्हणता म्हणता सहा वाफे झाले. मी कारखान्यात यंत्रांच्या वापराची पुस्तकं लिहितो, नेटकं काम मला ओळखता येतं. सगळे बांध एका पातळीत होते. मला ते फार आवडले आणि मी तसं सांगितलं. आजूबाजूच्या बागांमध्ये कुठेच असे वाफे नव्हते, सगळीकडे माती वर ओढलेली होती, हे मला दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

पाडव्याला आम्ही गुढी उभारली नाही. वर्षाच्या आत सण नसतो. चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, सण नाही तर नाही, पेरायला कुणाची आडकाठी आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. डब्यातली मेथी होती, रगडून दोन फाकी केलेले धणे होते, आदल्या रात्री भिजवलेला वाटाणा होता, खोपीतल्या पत्र्याच्या पेटीत मुळा आणि पालकाची उघडलेली पाकिटं होती. मेथी त्यांनी फोकली, म्हणजे मूठ सैल करून वाफाभर भिरकावली, आणि वरून बोटांनी माती कालवली. शेजारच्या बाई आपल्या बागेत दोरी ताणून एका सरळ रेषेत कांदे लावत होत्या. दोघी अधूनमधून एकमेकींकडे बघत. दोघींच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: काय ही बाई करते आहे.

घरी येताना बसमध्ये सासूबाई बऱ्याच बोलल्या. मेथी आठवड्यात वर येईल, धणे वेळ लावतील. मुलगी लहानपणी मेथीचे कोंब उपटून बघायची, मूळ किती आलंय ते, आणि पुन्हा खोचून ठेवायची. हे सांगताना त्या हसत होत्या. माझ्याशी त्या तिच्याबद्दल बोलत होत्या, हे दोघांच्याही थोडं उशिरा लक्षात आलं.

मग पाऊस लागला. आधी बारीक, नंतर जोराचा, मध्येच एक रात्र ओला बर्फ पडला आणि सकाळी वितळला, आणि पुन्हा पाऊस. सासूबाई खिडकीशी उभ्या राहून समाधानाने म्हणत, चांगलं झालं, पाण्याची काळजी मिटली.

पाऊस थांबल्यावर आम्ही गेलो. फाटकातूनच दिसलं. सहाही वाफे काठोकाठ भरलेले होते. बांध इतके पक्के होते की एक थेंब बाहेर गेला नव्हता. पाण्यात आभाळ दिसत होतं. कडेला मेथीचे दाणे तरंगून आले होते, काहींना पांढरे कोंब फुटून ते तपकिरी पडले होते. वाटाणा फुगून फुटला होता आणि त्याला आंबूस वास येत होता.

सासूबाई खाली बसल्या. एक दाणा उचलून बोटांत दाबला, तो चिकट झाला.

“मी तिच्या जागेचा चिखल करून ठेवला,” त्या म्हणाल्या. “तिने एवढी राखलेली. मला घरी न्या.”

मुलीला शेवटचं भेटता आलं नाही, अंत्यविधीला येता आलं नाही, आणि तिचं म्हणून जे एक काम इथे हाताला लागलं तेही असं झालं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्या पाण्याच्या कडेला बसलेल्या त्यांच्या पाठीकडे बघताना मला ते दिसत होतं. आणि शनिवार जवळ आला होता. ती तरुण माणसं येऊन हेच पाहणार होती.

मी फावडं घेतलं. मागून त्या म्हणाल्या, अहो राहू द्या, तुम्ही नका. मी पहिल्या वाफ्याचा बांध फोडला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कठीण गेलं. माती फावड्याला धरून बसत होती. पाणी सुटलं, वाटेवर आलं आणि उताराने सरळ शेजारच्या बागेत गेलं, सरळ रेषेतल्या कांद्यांमधून. शेजारच्या बाई खोपीतून बाहेर आल्या. त्यांनी कांद्यांकडे पाहिलं, आमच्या सहा तळ्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, बदकं कधी आणताय?

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “सांगा त्यांना, पहिली अंडी तुमच्याकडे.”

मी सांगितलं. शेजारच्या बाई ‘मै, मै’, म्हणजे इकडचं ‘अरे देवा’, असं पुटपुटत आत गेल्या आणि लांब दांड्याची एक कुदळ घेऊन आल्या. आमचं पाणी त्यांच्या बागेत शिरू नये म्हणून त्यांनी आपल्याकडून एक चर काढायला सुरुवात केली. सासूबाई उठल्या आणि आपल्या बाजूने चर काढू लागल्या. मी बांध फोडत गेलो. माझे हात सोलवटले. जावयाच्या हातात फावडं आहे याबद्दल पुढे कुणीच काही बोललं नाही.

सगळं पाणी निघून गेल्यावर त्या चिखलाकडे बघत सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे पावसाळ्यात हळदीला गादीवाफे करतात. माती वर ओढून उंच गादी करायची, पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं. हे काय मला माहीत नव्हतं? पण पाणी नाही, पाणी नाही, हेच मी डोक्यात धरून बसले.

मीही तेच धरून बसलो होतो, असं मी म्हटलं.

ईस्टरच्या चार सुट्ट्या आम्ही बागेत काढल्या. माती जरा सुकली की त्या सांगत तशी मी ती ओढायचो. खोपीमागे बायकोने कुजवलेल्या पाल्याचा ढीग होता, तो आम्ही घमेल्याने आणून गाद्यांवर पसरला. सासूबाई दांड्याने वर ओरी, म्हणजे उथळ रेघा, पाडायच्या आणि बी टाकत जायच्या; या वेळी फोकलं नाही, चिखलात बी हरवतं म्हणाल्या. दुपारी बाकावर बसून आम्ही पोळीभाजी खायचो. मी पुस्तक आणलंच नव्हतं. बोलणं बरंचसं तिच्याबद्दल व्हायचं. ती इथे कशी बसायची, कुठे चिडायची, शेवटच्या महिन्यात काय म्हणाली. हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाई ऐकताना हाताने काही ना काही करत राहायच्या, ढेकूळ फोड, काडी उचल. मला तेच बरं वाटायचं. त्या चारही रात्री मला झोप लागली.

शनिवारी सकाळी अध्यक्ष त्या जोडप्याला घेऊन आले. मुलगी सडपातळ, पाठीवर बाळ बांधलेलं. नवरा उंच, संकोची. सासूबाईंनी सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला. आलं घातलेला होता, अध्यक्षांना पहिल्या घोटाला ठसका लागला, पण त्यांनी पेला खाली ठेवला नाही. त्या मुलीने खोपी पाहिली, सफरचंदाचं झाड पाहिलं, आणि गाद्यांपाशी येऊन विचारलं, यात काय आहे? वर अजून काहीच आलेलं नव्हतं, नुसती काळी माती. मी एकेका गादीकडे बोट करून सांगू लागलो. मेथी, धणे, पालक, मुळा. वाटाण्याला काठ्या लागतील, त्या मी पुढच्या आठवड्यात लावणार आहे.

ते बोलून मी थांबलो. अध्यक्षांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

तर मग, ते म्हणाले, तुम्ही देताय ना बाग?

सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी त्यांना सांगितलं, की हे विचारतायत, द्यायची की ठेवायची, आत्ताच सांगायला हवं. त्यांनी हातातला पेला बाकावर ठेवला आणि माझ्याजवळ आल्या.

“माझ्याकडे बघून ठरवू नका,” त्या म्हणाल्या. “मला तिच्या मातीत हात घालायचा होता, तो घातला. ही लेकुरवाळी आहे, हिला दिलीत तरी मला वाईट वाटणार नाही. मी महिन्याने जाणार. त्यानंतर तुम्हाला इथे यावंसं वाटेल का, एवढंच बघा.”

लग्नानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी मला इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी ठेवतो, असं म्हणायला मी तयार होतो. ते सोपं झालं असतं. त्यांनी ती वाट बंद केल्यावर मला खरोखरच विचार करावा लागला. एकट्याने इथे येणं कसं असेल, ते डोळ्यांपुढे आणून पाहिलं. पुढचा शनिवार, त्यानंतरचा. काठ्या, दोरी, गवत. ते चांगलं दिसत नव्हतं, पण घरात बसून काढलेला शनिवार तर मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

मी अध्यक्षांना म्हटलं, मला ठेवायची आहे. आणि त्या जोडप्याची माफी मागितली.

उंच मुलगा लगेच म्हणाला, काही हरकत नाही, समजतो आम्ही. त्या मुलीने गाद्यांकडे एकदा पाहिलं, बाळाची टोपी सारखी केली आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्या मनात त्या जागेचं एव्हाना काय काय रंगवून झालं असेल, ते मला कळत होतं. अध्यक्ष म्हणाले, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं. कालव्याकडची एक बाग शरद ऋतूत मोकळी होईल, त्यांचं मी बघतो, असं सांगून ते निघाले. चार पावलं जाऊन परत वळले. ठेवताय तर कुंपणाची झुडपं वाढली आहेत, ती छाटा. आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून रस्ता नीट करायचा आहे, सकाळी आठला, ढकलगाडी घेऊन या.

ते गेल्यावर मी बाकावर बसलो. सासूबाईंनी पेले विसळून पिशवीत ठेवले. शेवटची एक गादी अजून रिकामी होती. तिथे कोणतं बी टाकायचं, ते ठरलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, आई, हिच्यात काय लावायचं?

“तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या आणि फावड्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

मी पत्र्याची पेटी मांडीवर घेतली आणि एकेक पाकीट उलटून वाचायला लागलो, किती खोल, किती अंतरावर, केव्हा. मला वेळ लागत होता. त्यांना घाई नव्हती.